तळघरातला रोमन

औडेनबुर्ग, रविवार, १ फेब्रुवारी १९९८

गोडेलीव्ह,

आपल्या तळघराला चौदा पायऱ्या आहेत. अठ्ठावीस वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस धर, दिवसातून एकदा बटाट्यांची बादली घेऊन मी त्या उतरलो आणि चढलो. म्हणजे एक लाख सतरा हजार पायऱ्या खाली, तेवढ्याच वर, आणि वर येताना हातात सहा किलो. परवा ऑस्टेंडच्या डॉक्टरने माझ्या गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरले आणि म्हणाला, "लोटेन्स, आयुष्यभर कुदळ मारलीत ना? त्याचं हे." मी म्हटलं, "कुदळीने पाठ जाते, डॉक्टर. गुडघे बटाट्यांनी गेले." त्याला तो विनोद वाटला.

तुला वाटणार नाही. तुझी आई गेल्यापासून घर अल्मामावशीने सांभाळलं. स्वयंपाक तिचा, बटाटे सोलायचे तिने, पण तळघरात मी तिला एकदाही उतरू दिलं नाही. गल्लीत म्हणायचे, सिरील कामाच्या बाईला राणीसारखी वागवतो. तू बारा-तेरा वर्षांची असताना एकदा विचारलं होतंस, "बाबा, मावशीचे पाय तुमच्यापेक्षा धड आहेत, मग तुम्ही का उतरता?" मी रेडिओचा आवाज वाढवला होता. आठवतंय?

बारा वर्षांनी बाप पत्र लिहितो ते गुडघ्यांचं रडगाणं गायला नाही. अल्मा आजारी आहे. ऑक्टोबरपासून नन्सच्या वृद्धाश्रमात आहे, पोटात गाठ आहे, आणि ईस्टर बघेल असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. जीभ मात्र अजून शाबूत. कालच पाद्रीबुवांना म्हणाली, "अंतिम तेल लावायला एवढी घाई का? माझ्यानंतर मासे तळायचे आहेत का त्यात?"

तुझी आठवण काढते. आणि दुसरी गोष्ट अशी, की तुला तळघराचा कोबा उघडायचा होता ना? ये आणि उघड. माझी परवानगी आहे. कोब्याखालचा रोमन तुझा. माणसं देतो, यंत्र देतो. हाडं न मोडता काढायची म्हणजे तुझ्यासारखंच शिकलेलं माणूस हवं, माझ्या गड्यांना फक्त गटारं येतात.

पण लवकर ये. अल्मा असेतो ये. का, ते आल्यावर सांगतो.

तुझा ट्रीरचा पत्ता कुठून मिळाला म्हणून डोकं खाजवू नकोस. पावाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं आणि तोंड मिटून कान उघडे ठेवले की या गावात सगळं कळतं. तुझे केस पांढरे झालेत आणि तू ते रंगवत नाहीस, हेही कळलंय.

तुझा बाप,
सिरील


औडेनबुर्ग, १५ फेब्रुवारी

लीव्ह,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. "१९६७ साली तुम्ही नक्की काय पाहिलंत ते आधी लिहा. विनोद न करता. मग बघू."

विनोद न करता! म्हणजे एक पाय बांधून नाच म्हणतेस. बघतो.

सदुसष्टच्या मे महिन्यात मी घराचा पाया खणायला घेतला. जागा तुझ्या आजोबांचं बटाट्यांचं जुनं वावर. ते दिवस तुला माहीत आहेत, आता तर त्यावर तू व्याख्यानंही देत असशील. ब्रसेल्सहून उत्खननवाले साहेब आले होते. किल्ल्याची भिंत इथून गेली, बुरूज तिथे होता, या बाजूला शिपायांची स्मशानभूमी. कुठे खापराचा तुकडा निघाला की हे आले, दोरी बांधली आणि गेले. मग तुम्ही बसा एक हिवाळा, नाहीतर दोन. पाववाल्याच्या नव्या भट्टीच्या जागेवर दीड वर्ष दोरी होती. त्यामुळे गावाला सवयच लागली, की हाड दिसलं तर आभाळाकडे बघायचं आणि फावडं चालू ठेवायचं. दुसऱ्या गावात हाड निघालं तर पोलिसाला बोलावतात. आमच्या गावचा पोलीस तीन रोमनांच्या डोक्यावर कोबी लावायचा. ब्रुगेवाल्यांनी आमच्या किल्ल्याचे दगड नेले आणि हाडं आम्हाला ठेवली, असं जुनी माणसं म्हणतात ते काय उगाच?

(हा विनोद नाही. हे कारण आहे. पुढे लागेल.)

शुक्रवारी दुपारी, दीड-दोन मीटर खोलीवर, माझा गडी जेंटिल ओरडला, "सिरील, आणखी एक शिपाई! उठवू का झोपू देऊ?"

मी म्हटलं, "बुटात आहे का अनवाणी?"

"बुटात! खिळे आहेत तळाला."

दुसरा गडी ओमेर काठावर बसून पाव खात होता. तो म्हणाला, "रोमन. खिळ्यांचे जोडे घालूनच पुरायचे त्यांना. साहेबांनीच सांगितलं होतं."

मी खाली उतरलो. माणूस कुशीवर होता, गुडघे दुमडलेले. पायांपाशी खिळ्यांच्या दोन रांगा, चामडं कुजून गेलेलं. तुझे आजोबा खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्या महिन्यात रोजच येऊन उभे राहायचे, पाइप तोंडात, बोलणं नाही. त्या दिवशी पाइप काढला आणि म्हणाले, "रोमनच आहे तो. उद्या सकाळी ओता."

शनिवारी ओतलं. चाळीस सेंटिमीटर, मध्ये सळयांची दुहेरी जाळी. जेर्मेनच्या कॅफेत मी तीस वर्षं सांगत आलोय, की शेवटच्या न्यायाच्या दिवशी देवदूत तुतारी फुंकतील, गावातले सगळे मेलेले उठून बसतील, माझा रोमन तेवढा खालून ठोकत राहील आणि म्हणेल, सिरील, हे काय ओतून ठेवलंस बाबा! पश्चिम फ्लँडर्समध्ये एवढा जाड कोबा फक्त जर्मनांनी ओतला, आणि दुसरा मी.

खिळे थोडे काढून ठेवले होते. कॅफेत वाटले. एक तुला दिला. आठ वर्षांची होतीस. तू तो शाळेत नेलास, सिस्टरने तुला संताचं चित्र बक्षीस दिलं, आणि घरी येऊन तू म्हणालीस, "मी मोठी होऊन रोमन लोक शोधणार." तुझी आई हसली होती. मी हसलो नाही.

एवढंच पाहिलं. आता ये.

अल्माकडे मंगळवारी गेलो होतो. मला म्हणाली, "सिरील, तुझे कान म्हणजे गावाचं टपालखातं. माझ्या येरोमबद्दल कधी काही ऐकलंस का रे? आता खोटं बोललास तरी चालेल, मला तपासायला वेळ नाही."

मी म्हटलं, "नाही अल्मा. काही नाही."

बाबा


औडेनबुर्ग, १ मार्च

लीव्ह,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, फक्त काड्यापेटी, काड्यापेटीत कापूस आणि कापसात खिळा.

टपालवाल्याने सही घेताना विचारलं, "काय आलं सिरील, दात?" मी म्हटलं, "हो, माझाच." दार लावून घेतलं आणि बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही.

बरं. तू जिंकलीस.

त्या रविवारी, शहाऐंशी साली, तू गेंटहून आलीस. अल्माने ससा केला होता, सुके आलुबुखार घालून. तू ताटाशेजारी हीच काड्यापेटी ठेवलीस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "बाबा, मी हा भिंगाखाली पाहिला. हा यंत्रावर केलेला आहे. असे खिळे ईझेगेमचे बूटवाले ठोकायचे, आजोबांच्या काळात. कोबा उघडू या." अल्मा रश्श्याचं भांडं धरून उभी होती. मी उठलो, तुझ्या अवजारांची पिशवी आणि नकाशांची वही उचलली, कालव्यापर्यंत चालत गेलो आणि फेकली. तुला वाटलं, बापाचं गावासमोर हसं होईल म्हणून त्याने असं केलं. वाटू दिलं. उद्धट मुलगी आणि हट्टी बाप, असं एक भांडण झालं की त्याच्या आड बरंच काही झाकता येतं.

आता ऐक. त्या शुक्रवारी जेंटिल झुडपाआड गेला होता आणि ओमेरचं लक्ष पावात होतं, तेव्हा मी त्या माणसाच्या उजव्या घोट्यापाशी बोट घातलं. तिथे एक चाप होता. पोलादी, वाकवलेला. सायकल चालवताना विजार साखळीत अडकू नये म्हणून लावतात तसला.

रोमनांनी रस्ते बांधले, पूल बांधले. सायकल नाही बांधली.

मी तो मुठीत घेतला, मूठ खिशात घातली आणि वर आलो. मग काठावरून बापाने ते वाक्य उच्चारलं, "रोमनच आहे तो", मागच्या पत्रात लिहिलंय ते.

सायकलवरून गेला आणि परतला नाही, असा माणूस आमच्या गावात एकच. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, कॅनडाचं सैन्य यायच्या आदल्या दिवशी, अल्माचा नवरा येरोम सकाळी घराबाहेर पडला तो पडलाच. लग्नाला दोन वर्षं झाली होती. येरोमने किनाऱ्यावर जर्मनांच्या बंकरांवर मजुरी केली होती. कोणी नव्हती केली? माझ्या बापानेही केली. पण जो परत आला नाही तो दोषी ठरला. गावाने निकाल दिला: जर्मनांबरोबर पळाला. पुढे त्यात बाई आली, तिच्यापाठोपाठ आर्जेंटिना आला. अल्माच्या खिडक्या फोडल्या, दारावर डांबराने खूण काढली, पाववाली तिला सगळ्यांत शेवटी पाव द्यायची. "काळ्याची बायको", म्हणजे जर्मनांना फितूर झालेल्याची, हे नाव तिला साठ सालापर्यंत होतं. एक्कावन्न साली ओमेरने तिला मागणी घातली. हो, माझ्याकडच्याच ओमेरने. पाद्री म्हणाले, प्रेत नाही तर विधवा नाही, आणि विधवा नाही तर लग्न नाही. ओमेर तसाच राहिला आणि ती तशीच. आणि सोळा वर्षांनी त्याच ओमेरने फावड्याने येरोमवर काँक्रीट पसरलं, शीळ घालत.

मला माहीत होतं. सदुसष्टपासून आजपर्यंत. चाप माझ्या टेबलाच्या खणात आहे.

का बोललो नाही, ते अजून लिहिवत नाही. पण तळघरात तिला का उतरू दिलं नाही, ते आता तुला कळलं असेल. तिने त्याच्यावर उभं राहून बटाटे निवडावेत, एवढं मला सहन झालं नसतं. माझी लाज तेवढीच होती, चौदा पायऱ्यांची.

ये ना.

सिरील


औडेनबुर्ग, १० मार्च

लीव्ह,

सांगितलं तिला.

तू टपालाने नाही आलीस, गाडीने नाही आलीस, मग म्हटलं, आपणच जाऊ. काल दुपारी फुलं घेऊन गेलो. दारातच म्हणाली, "फुलं? म्हणजे मी नक्की मरतेय."

"अल्मा, येरोम सापडला."

"कुठे? आर्जेंटिनात?"

"माझ्या तळघरात."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी सुपाचा चमचा वाजवत होती. मग अल्मा म्हणाली, "म्हणजे ती बाई नव्हतीच?"

"नव्हती."

"चोपन्न वर्षं मी तिला शिव्या घातल्या रे. नाव नव्हतं म्हणून मीच ठेवलं होतं, डोलोरेस. किती वाईट वाईट रोग दिले तिला." ती हसली, मग हसता हसता खोकला आला, नन धावत आली, पाणी पाजून गेली.

मग तिने विचारलं, "तुझा तो रोमन?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

आणि मी, तिच्या मरणाच्या खाटेशी बसून, म्हणालो, "आत्ताच. लीव्हने खिळा तपासून पाठवला, त्यावरून."

ती म्हणाली, "हुशार पोर आहे. मीच वाढवलीय."

मला वाटलं, संपलं. टोपी उचलली. तर तिने बाही धरली. हातात जोर नव्हता, पण मला उठता येईना.

"त्याच्याजवळ झडप होती का?"

मला कळेना. मग तिने सांगितलं. हे तिने आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. त्या सकाळी त्यांचं भांडण झालं. परसातल्या पंपाची झडप फाटली होती, आठ दिवस ती शेजारून पाणी आणत होती आणि येरोम आज बघू, उद्या बघू करत होता. ती म्हणाली, "गिस्टेलला जा, पितळी झडप आण, आणि ती हातात असल्याशिवाय या घरात पाऊल ठेवू नकोस." तो टोपी न घालता निघाला. हे तिचे शेवटचे शब्द. गाव म्हणायचं, बाईपायी पळाला. तिला वाटायचं, माझ्या जिभेपायी पळाला. चोपन्न वर्षं ती हे मनात धरून माझे बटाटे सोलत होती.

"झडप जवळ असेल तर तो घरी येत होता," ती म्हणाली. "नसेल तर जात होता. मला एवढंच सांग सिरील. जाताना मेला की येताना? बाकी कोणी मारलं, कशाने मारलं, ते नको. त्याचं मी वर गेल्यावर त्यालाच विचारीन."

आता बाकीचं, जे तिने विचारलं नाही.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात माझ्या बापाने घरी सायकल आणली. म्हणाला, जर्मनांनी टाकलेली, खंदकात सापडली. काळा रंग ताजा होता, हाताला लागत होता. मी तेरा वर्षांचा. पुढे त्याच सायकलला गाडा जोडून मी गटारं खणायची कामं धरली. व्यापारी मंडळाने मला पदक दिलं तेव्हा मी भाषण केलं, "एक कुदळ आणि एक सायकल, एवढ्यावर मी उभा राहिलो." टाळ्या पडल्या. अल्मा पहिल्या रांगेत होती. सायकल विकली त्या वर्षी मी सांगाड्यावरचा रंग खरवडून पाहिला होता. खाली हिरवी होती. येरोमची हिरवी होती.

बापाला मी कधी विचारलं नाही. त्याने त्या दिवसांत दंडाला जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांची पांढरी फीत बांधली होती हे खरं; पण त्या तीन दिवसांत फीत तर पाद्रीबुवांच्या माळ्यानेही बांधली होती. सायकलसाठी मारलं, की आधी मारून मग सायकल दिसली, की दुसऱ्याने मारलं आणि बापाने नुसतं पुरलं, मला माहीत नाही. पण वावर त्याचं होतं, आणि काठावर तो उभा होता. एकाहत्तरला तो वारला. पोलिसांना बोलावलं असतं तर तो त्याच्या खाटेवर नसता मेला. सुरुवातीला माझं कारण हे होतं. एकाहत्तरनंतर काय कारण होतं, ते मी शोधतोय.

आता तू मला सांग, हे मी एकटा कसा करू? चाळीस सेंटिमीटर आहे. ब्रुगेहून मोठं यंत्र आणावं लागेल, त्याचा हादरा बसला तर हाडांचा भुगा होईल, झडप चुरगळली तर ती झडप होती की आणखी काही, हे कोण सांगणार? तुझा हात हवा. तुझं ब्रशचं काम हवं. तिला मी म्हटलंय, "लीव्ह येतेय, ती उघडेल."

तिने विचारलं, "कधी?"

"येईलच."

बाबा


औडेनबुर्ग, २९ मार्च

गोडेलीव्ह,

तू चर्चमध्ये डावीकडच्या खांबाआड उभी होतीस. केस खरंच पांढरे झालेत. मी वळलो नाही, तू ते बघितलं असशील. कबरीपाशी तू ओमेरचा हात धरून उभी राहिलीस, ते फार बरं केलंस. मग बाजूच्या फाटकाने गेलीस. मी हाक मारली नाही. हाक मारण्याचा हक्क कालव्यात फेकला, तो काही गळाला लागायचा नाही.

तुझ्यापर्यंत कसं पोचलं माहीत नाही, म्हणून लिहितो. अल्मा शनिवारी, एकवीस तारखेला, सकाळी साडेदहाला गेली. त्याआधी मी रोज जात होतो. रोज मी दारात दिसलो की विचारायची, "उघडलंस?"

"लीव्हची वाट बघतोय."

पहिले तीन दिवस एवढंच. चौथ्या दिवशी म्हणाली, "सिरील, तू आयुष्यभर गावभर खड्डे खणलेस. आता एक खणायला तुला परवानगी लागते?"

मी म्हटलं, "अल्मा, चाळीस सेंटिमीटर आहे. जाळी आहे. तुला माहीत नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "गावात शेंबड्या पोराला माहीत आहे तुझा कोबा."

शुक्रवारी तिचं भान जात-येत होतं. मला ओळखलं नाही. येरोम समजली की आणखी कोण, माझ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होती, काही आणलंय का ते. माझे हात रिकामे होते. मी ते कोटाच्या खिशात घातले.

शनिवारी पोचलो तेव्हा नन चादर बदलत होती.

तू आली नाहीस म्हणून तुला दोष देत नाहीये, तसं समजू नकोस. तू येणार नाहीस हे मला पहिलं पत्र टपालपेटीत टाकतानाच माहीत होतं. मला तू नको होतीस. मला वाट बघायला कोणीतरी हवं होतं.

बुधवारी अंत्यविधी झाला. गुरुवारी सकाळी कॉफी घेतली, ओमेरला बोलावलं. म्हटलं, "ओमेर, तळघरात येरोम आहे. येशील?" तो पंचाहत्तर वर्षांचा आहे. टोपी काढून खुंटीला लावली आणि पायऱ्या उतरला. यंत्र आणलं नाही, मोठा हातोडा आणि पहार घेतली. नंतरचं मातीचं काम आम्ही हातांनी केलं, ओमेरने जेवणाचा चमचा घेतला, तो फार हळू करत होता. बारा वाजता हाडं दिसू लागली. कवटीला मागच्या बाजूला भोक आहे. एवढं लिहितो, जास्त नको.

कंबरेपाशी, जिथे कोटाचा खिसा असेल तिथे, झडप होती. पितळी, हिरवी पडलेली. ओमेरने पेल्यातल्या पाण्यात धुतली. आटे कोरे होते, एकही ओरखडा नाही. कधी बसवलेलीच नव्हती. तो येत होता.

ओमेर ती हातात घेऊन पायरीवर बसला. मग म्हणाला, "सिरील, पाच दिवस. पाच दिवस आधी उघडलं असतंस तर." दुसरं काही म्हणाला नाही. म्हणायला त्याच्याकडे सत्तेचाळीस वर्षं होती.

मग मी पोलिसांना फोन केला. एक तरुण पोलीस आला, ब्रुगेहून बदली होऊन आलेला. त्याने आधी विचारलं, "रोमन असेल ना?" मी म्हटलं, "नाही. बस. सांगतो." सगळं सांगितलं: चाप, सायकल, वावर, बाप, एकतीस वर्षं. चापही दिला. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. हाडं तपासणीला गेली आहेत. परत आली की अल्माच्या कबरीत ठेवतील, तसा अर्ज ओमेरने केलाय. झडप पोलिसांकडे आहे. ती तुला हवी असेल तर तू माग, मी मागणार नाही.

गावात आता मी पावाच्या दुकानात शिरलो की बोलणं थांबतं. पहिल्यांदाच या गावात मला काही ऐकू येत नाहीये.

जाताना पोलिसाने फोटो काढले, तुटलेल्या कडेला पट्टी लावली आणि कागदावर आकडा लिहिला. जाडी सात सेंटिमीटर. जाळी नाही. फोडायला आम्हा दोन म्हाताऱ्यांना पस्तीस मिनिटं लागली होती.

सिरील